मागच्या बाकावरची मॅडम

४ ऑगस्ट, सोमवार

तू नक्की करतेस काय? — आईचा प्रश्न.

नोकरीला लागून महिना झाला, आणि आज आत्यासमोर तिने विचारलं. म्हटलं, इंग्रजीच्या शिक्षकांना त्यांच्याच वर्गात संशोधन करायला मदत करते.

"म्हणजे तू शिकवतेस."

"नाही. शिकवतात ते."

"मग संशोधन करतेस."

"नाही गं. तेही तेच करतात."

"मग पगार तुला कशाचा?" — आत्या. "लष्कराच्या भाकऱ्या म्हणायच्या या!"

बाबा मदतीला धावले. "मोठ्या हुद्द्याचं काम असंच असतं. दिसत नाही." बाबा रंगारी. त्यांचं काम भिंतभर दिसतं, हाताच्या कोपरापर्यंत दिसतं. घरात पदवी घेतलेली पहिली मी, म्हणून माझी पदवी त्यांनी चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावली आहे. खिळा तिथेच होता. फोडणीचे शिंतोडे उडतात. आई रोज पदवी पुसते आणि विचारते, तू नक्की करतेस काय?

मी त्यांना दाखवून देईन!

६ ऑगस्ट, बुधवार

शाळेत पहिली बैठक. जागा मिळाली ती खेळाच्या सामानाच्या खोलीत. मी एका फुटक्या फुटबॉलशेजारी उभी राहून बोलले. म्हटलं, तुमच्या वर्गातला असा एक प्रश्न शोधा ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. तिथून संशोधन सुरू होतं!! (हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.)

शिक्षक तिघं. कविराज सर — हजेरीसुद्धा चालीत घेतात. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं झाली शिकवून. उत्तर माहीत नाही असा प्रश्न आमच्याकडे शिल्लक नाही."

दुसऱ्या घाईबाई. एक चप्पल कायम अर्धवट घातलेली. "मला एकच प्रश्न आहे. मधल्या सुट्टीनंतरचा तास दर वेळी मलाच का?" म्हटलं, हा वेळापत्रकाचा प्रश्न झाला. त्या म्हणाल्या, "मग नाही."

तिसऱ्या मोठ्या बाई. सातवी ब. सप्टेंबरअखेर निवृत्त होणार. फार बोलत नाहीत. "प्रश्न आहे एक. काम झालं की सांगते."

"आधी सांगा ना बाई, म्हणजे मला मदत करता येईल."

"तुम्ही वर्गात येऊन मागे बसा. तीच मदत."

किती मोकळं मन! निवृत्तीला आलेली बाई माझ्यासारख्या पोरीला वर्गात येऊन बसायला सांगते! शाळेपासून घरापर्यंत चालतच आले, इतका आनंद.

११ ऑगस्ट, सोमवार

सातवी ब. मागच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागतात, पण काय वर्ग! गोष्ट हरवलेल्या छत्रीची. बाई अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. प्रश्न यायचा अवकाश, सगळे हात वर.

"व्हेअर इज द अम्ब्रेला?"

"अंडर द बेड!" — एका सुरात!

एकही चूक नाही. एकही! एवढी शांतता तर आमच्या कार्यालयात पण नसते. तास सुरू होताच एक मुलगी आपण होऊन झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालायला गेली. वहीत लिहिलं: "मुलांना निसर्गाची ओढ आहे."

१४ ऑगस्ट, गुरुवार

कविराज सरांनी संशोधन पूर्ण केलं. आठवड्यात! बांधणी केलेलं, वर सोनेरी अक्षरं, आत पत्नीचे आभार. विषय — "पाठांतराने इंग्रजी सुधारते हे सिद्ध करणे."

"सर, वर्गात काही करून पाहिलंत का?"

"आता पाहू की. निष्कर्ष हाताशी असला की वर्ग कुठे जातो?"

"पण मुलांना विचारलंत?"

"मुलांना काय विचारायचं? उत्तरं सगळी माझ्याकडेच आहेत." मग म्हणाले, "राग मानू नका मॅडम, पण तुम्ही स्वतः कोणता वर्ग घेता?"

शिकण्याच्या काळातले सरावाचे पाठ सोडले तर कोणताच नाही. हे मी म्हटलं नाही. त्यांनीच म्हटलं — "म्हणजे उंटावरून शेळ्या."

उंट म्हणे! मला बसायला फुटबॉलशेजारची जागा आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

घाईबाईंना वाचायला दिलेला जाडजूड लेख सापडला. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. "उपयोग झाला हो," म्हणाल्या.

वाईट वाटलं. मग ठरवलं, आज भाषण नाही. नुसतं विचारलं, मधल्या सुट्टीनंतर वर्गात नेमकं होतं तरी काय? त्या बोलायला लागल्या आणि चप्पलसुद्धा पूर्ण घातली. मुलं धावून येतात, घामेजलेली, कोणाचं तरी भांडण अर्धं राहिलेलं असतं. "त्यांना ते भांडण संपवायचं असतं आणि मला क्रियापद सुरू करायचं असतं!" बोलता बोलता त्यांनाच सुचलं — आल्या आल्या आदल्या दिवशीच्या गोष्टीचं चित्र काढू द्यायचं, मग चित्रावर बोलायचं. पंधरवडाभर करून बघणार आहेत. कवायतीच्या दिवशी काय होतं तेही बघणार आहेत. हे मी नाही सांगितलं, त्याच म्हणाल्या!

"आणि नाहीच जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर तोही निष्कर्षच."

"मग माझ्या आयुष्यात निष्कर्षच निष्कर्ष आहेत, मॅडम!"

२८ ऑगस्ट, गुरुवार

मोठ्या बाईंच्या वर्गात पुन्हा. पुन्हा छत्री. (उजळणीचं महत्त्व!) झारीवाली पुन्हा कुंड्यांपाशी.

एक गंमत झाली. बाईंनी विचारलं, "हू इज ॲट द डोअर?" आणि अख्खी रांग ओरडली, "अंडर द बेड!" बाईंनी नुसतं पाहिलं. मग एकाने हळूच खरं उत्तर दिलं.

नोंद केली: "विद्यार्थी विचारांत शिक्षकाच्याही पुढे धावतात."

३ सप्टेंबर, बुधवार

कार्यालयात साहेबांना अर्ध्या टप्प्याचा अहवाल दिला. घाईबाईंना एक परिच्छेद, कविराज सरांना सोनेरी अक्षरांपुरतं एक वाक्य, बाकी सगळा मोठ्या बाईंचा वर्ग. शिस्त, सहभाग, शून्य चुका.

साहेबांनी खुर्चीतून उठून वाचला. "हा वर्ग आपला नमुना! पाहुणे घेऊन जाऊ तिथे. आणि असा शेवटचा अहवाल झाला, तर तुमची जागा पुढच्या वर्षीही पक्की समजा."

बाबांनी गल्लीभर सांगितलं. ज्यांच्या भिंती रंगवायच्या नाहीत त्यांनाही सांगितलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज नळापाशी झारीवाली भेटली. म्हटलं, तुला झाडं फार आवडतात ना?

"नाही. तुम्ही आलात की पाणी घालायचं असतं."

"आणि मी नाही आले की?"

"मग मी वर्गात असते." झारी भरत होती. "मी चुकते ना, म्हणून."

तेव्हा मी हसले. मग हसू हळूहळू उतरत गेलं. रस्ता ओलांडेपर्यंत पुरतं उतरलं होतं.

१० सप्टेंबर

छत्री. छत्री. छत्री. मी मूर्ख आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

निष्कर्ष सांगायची बैठक. खेळाच्या खोलीतच. घाईबाई आधी. चित्रांमुळे मुलं बोलू लागली, पण कवायतीच्या दिवशी चित्रांची विमानं झाली. "म्हणून कवायतीच्या दिवशी आता विमानांवर बोलतो." कविराज सरांनी निष्कर्ष गाऊन दाखवला.

मग मोठ्या बाई उठल्या. कागद नाही, काही नाही.

"माझा प्रश्न असा होता. मागच्या बाकावर मॅडम येऊन बसल्या की माझ्या वर्गाचं काय होतं?"

फुटबॉलमधली उरलीसुरली हवा बहुतेक तेव्हाच गेली.

बाई शांतपणे सांगत होत्या. "मॅडम यायच्या आधी आम्ही तालीम करतो. मी करून घेते. एरवी मी मुलांना त्यांच्या भाषेत हसवते, ते बंद. जी मुलगी सगळ्यात जास्त बोलते, आणि सगळ्यात जास्त चुकते, तिला मी पाणी घालायला पाठवते. मॅडम आल्या की चुका बंद होतात. आणि चुका बंद झाल्या की वर्ग बंद होतो. त्यांनी माझे तास पाहिले. माझा वर्ग नाही पाहिला." मग माझ्याकडे वळून, "पस्तीस वर्षांत जो कोणी तपासायला आला, त्याला मी हाच तास दाखवला. छत्री तीच. सगळे खूश होऊन गेले. मला बघायचं होतं, मी हे का करते. तुम्ही म्हणालात ना, उत्तर माहीत नसलेला प्रश्न शोधा? मला हाच सापडला."

कविराज सरांनी टाळी वाजवली. एकच. मग हात खाली घेतला.

माझ्या भ्रमाचा भोपळा फुटला, तोही फुटबॉलच्या खोलीत. पण खरं लिहू? इतकं चोख संशोधन मी पाहिलेलं नाही. नमुना म्हणून मी स्वतः वापरली गेले, तरीही. तरीही!!

१८ सप्टेंबर, गुरुवार

खूप राग आला. बाईंचा, स्वतःचा, छत्रीचा. आई म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. आई म्हणाली, "मग भांडी तरी हळू आपट."

२२ सप्टेंबर, सोमवार

बाईंना जाऊन म्हटलं, मला तुमचा खरा वर्ग बघायचा आहे.

"तुम्ही आत आलात की तो पळतो. त्याला मी तरी काय करणार?"

उपाय झारीवालीने काढला. सरळ झारी माझ्या हातात दिली. "आज तुम्ही पाणी घाला. मी आत जाते."

आणि मी, घरातली पहिली पदवीधर, वर्गाच्या खिडकीखाली कुंड्यांना पाणी घालत उभी राहिले. आत — देवा! बाजार! निम्मं इंग्रजी, निम्मं घरचं, कोणी कोणाचं ऐकत नाही आणि सगळे ऐकतायत. बाईंनी विचारलं, छत्री तुमची असती तर? झारीवाली ओरडली, "माय आजी अम्ब्रेला नो गिव्ह! आजी से, यू लूज, आय लूज यू!" वर्ग कोसळला. बाई मुळीच दुरुस्त करत बसल्या नाहीत. विचारलं, "अँड यू? व्हॉट यू से टू आजी?" मग दहा जणांना दहा आज्या आठवल्या.

कुंडी भरून वाहिली, चपला भिजल्या, मला पत्ता नाही. शिपाई म्हणाला, "मॅडम, तो निवडुंग आहे."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटचा अहवाल घेऊन साहेबांकडे. पहिला निष्कर्ष मोठ्या बाईंचा. दुसरा घाईबाईंच्या विमानांचा. आणि एक ओळ माझी: अर्ध्या टप्प्याच्या अहवालातलं सातवी बचं वर्णन मागे घेते, तो वर्ग मी पाहिलाच नव्हता.

साहेबांनी माझी ओळ दोनदा वाचली. "म्हणजे आपण गेलो की वर्ग बिघडतो, हे आपणच लिहायचं?"

"बाईंनी शोधलंय, साहेब."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नये, मान्य. पण वाजवत तरी जाऊ नये! पाहुणे ठरलेत. ते पान काढा, जुनं वर्णन ठेवा. नाहीतर तुमच्या जागेचं अवघड आहे."

"आणि बाईंचा प्रश्न?"

"त्या चार दिवसांत निवृत्त होतायत. त्यांना काय फरक पडतो?" मग मायेने म्हणाले, "घाई नको. सोमवारपर्यंत विचार करा."

घरी आले तर आत्या बसलेली. "काय मग, झाली का पक्की?" बाबा माझ्याकडे बघत होते. पदवीवर शिंतोडा होता, तो पुसला.

२९ सप्टेंबर, सोमवार

साहेब बोलले. मी ऐकून घेतलं. इथे लिहायचा धीर अजून होत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आता लिहिते. विचार करायला सोमवारपर्यंतची मुदत मला लागलीच नव्हती. शुक्रवारी साहेबांच्या खोलीतून निघाले ती जिना उतरायच्या आत फोनवरूनच अहवाल साहेबांच्याही वरच्यांना पाठवून मोकळी झाले. जसाच्या तसा. सोमवारचा साहेबांचा ओरडा त्याचाच. पहिल्या पानावर बाईंचं नाव. तिथून थेट शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांपुढे बाईंच्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर सही केली. सातवी ब. पगार कमी, खडू जास्त.

आईला आज सकाळी सांगितलं: शिकवते. ती म्हणाली, "मग इतके दिवस सरळ सांगायला काय झालं होतं?"

पहिला तास. मागच्या बाकावर मोठ्या बाई, कालच निवृत्त झालेल्या, गुडघे हनुवटीला. "प्रश्न तुमचा, मदत माझी," एवढंच म्हणाल्या. झारी कोपऱ्यात, झारीवाली पहिल्या रांगेत. तोंडातून निघालं ते असं — "व्हेअर इज मोठ्या बाई टुडे?"

सगळ्यांनी माना वळवून मागे पाहिलं. मग झारीवालीचा हात वर गेला.

"अंडर द बेड!"

तालीम नव्हती घेतली. आईशप्पथ!