दिव्यातला स्क्रू

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

माझ्या वर्गात ज्यानं वस्तू डिझाइन केली, त्यानंच ती सगळ्यांसमोर जोडून दाखवायची असते. काल एका विद्यार्थ्याचा दिवा दिसायला झकास होता, पण स्क्रू अशा कोपऱ्यात की स्क्रूड्रायव्हर आत शिरेना. मी त्याला नापास केलं.

विभागप्रमुख म्हणाले, "चित्र सुंदर आहे, द्या सोडून."

म्हटलं, "कारखान्यात चित्र जोडत नाहीत, सर."

आता पुढच्या वर्षी मला ठेवतील की नाही, कोण जाणे. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

आपल्या मिक्सरचा स्क्रू आठवतो? दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले होते. तो मिक्सर डिझाइन करणाऱ्यालाही कुणीतरी असंच सोडून दिलं असणार. मी नाही सोडणार.

तुझीच हट्टी,
धाकटी