हाताचा ठसा

आई,

काल घरात आलं ते असं. साधा नवा कापूस तीन शेर, सहा रुपये. निळ्या पट्ट्यांचं जाड कापड अडीच वार, तीन रुपये दोन आणे. पिंजून, भरून, टाके घालायची मजुरी दोन रुपये आणि पिंजाऱ्याला दोनदा चहा. एवढ्यात माझ्या मुलीची गादी झाली. ती चार महिन्यांची आहे. पाळण्यातल्या पाळण्यात पालथी पडायला लागली, म्हणून तिला खाली निजवायचं ठरलं. तू असतीस तर हे काम तुझंच होतं. लेकीच्या बाळाचं अंथरूण माहेराहून येतं, आणि माझं माहेर तू गेलीस तेव्हाच संपलं. त्याला सोळा वर्षं झाली. आपला धाकटा, सगळ्यांचा दादा, भुसावळला असतो. बाळ झाल्याचं कळवलं तेव्हा त्याचं चार ओळींचं कार्ड आलं, ते देवाच्या फोटोमागे ठेवलं आहे.

आम्ही पिंपरीला राहतो. कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या आहेत. हे दुपारी शिफ्टला गेले की घरात मी आणि ती. सकाळी पोथीचा अध्याय होतो, स्वयंपाक होतो, आणि मग भोंगा वाजेपर्यंत बोलायला कोणी नसतं. गादीचं निघालं तेव्हा हे म्हणाले, "अगं, पुण्याहून सावरीच्या कापसाची आणतो. लोण्यासारखी असते. पहिलं लेकरू आपलं, त्यात कसली काटकसर?" मी नको म्हटलं. का नको, ते मला सांगता येईना. शेजारच्या कोकणातल्या वहिनी हसून म्हणाल्या, "पोरीला काय फळीवर निजवणार, वैनी? तुमचा हात आखडता आहे हे ठाऊक होतं, पण इतका?" काटकसर मी करते हे खरं आहे. पण सावरी नको म्हणण्यात काटकसर नव्हती. काटकसरीतही आणि या नकारातही मला तुझा हात दिसत होता.

दादाच्या वेळची गोष्ट. मी सात वर्षांची असेन. चाकणजवळच्या आपल्या घराच्या पडवीत त्याची गादी शिवून झाली, तेव्हा तू तिच्यावर पंजा टेकलास, सगळा भार त्यावर टाकलास, आणि हात उचलून बघत राहिलीस. पाच बोटं उमटलेली राहिली. तू गादी पिंजाऱ्याला परत दिलीस. "ठसा ऱ्हायला न्हाई पायजे. पुन्ना भर, दाबून." दुसऱ्यांदा भरून झाली तेव्हा तू पुन्हा पंजा टेकलास, ठसा राहिला नाही. मला ती गादी दगडासारखी वाटली. म्हणून एक दिवस तू विहिरीवर गेलीस तेव्हा मी बाबांची सावरीची उशी ओढून आणली आणि दादाला उचलून तिच्यावर ठेवला. तो छान निजला. पालथा निजला. तू परत आलीस, घागर उंबऱ्यातच टाकलीस, त्याला उचललंस आणि मला एक थोबाडीत दिलीस. त्याआधी नाही, त्यानंतरही कधी तू मला मारलं नाहीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "न्हाई म्हंजे न्हाई." मी मॅट्रिक झाले, तू गेलीस, लग्न झालं, आणि तेवढ्या वर्षांत ती थोबाडीत मी जपून ठेवली. भावावर माया केली म्हणून मार खाल्ला, असं मी स्वतःला सांगत आले.

काल पिंजारी अंगणात बसून गादी भरत होता. म्हातारा आहे, कापूस पिंजून झाला की धनुकली शेजारी भिंतीला टेकवून बसतो. अर्धी शिवून झाली तेव्हा मी वाकून पंजा टेकला, भार टाकला आणि हात उचलला. त्याची सुई थांबली.

"हे कोणी शिकवलं, बाई?"

"का हो?"

"चाकणच्या अंगाला एका गावात एक बाई अशीच बघायची. म्हणायची, ठसा राहिला तर पैसा नाय." तो धागा ओला करत म्हणाला, "त्याच्या आदी तिच्या पहिल्या पोराची गादी मीच भरलेली. सावरीची. घरच्यांनी मऊ पायजे म्हणून सांगितलं, मी भरली. पोरगं पालथं झालं, तोंड आत रुतलं. ती पाण्याला गेलेली. तवापासून लहान लेकराला सावरी भरत नाय मी. कोणी कितीबी पैसे देऊ दे."

ती बाई तू होतीस, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचा हात थांबला असता, आणि गादी अर्धीच झाली होती. मी आत जाऊन त्याच्यासाठी दुसरा चहा ठेवला.

आई, सगळे मला थोरली म्हणत. तू कधी म्हणाली नाहीस, हे मला काल चहा उकळताना आठवलं. आणि पिठोरीची अमावस्या आठवली. तू पाठमोरी बसतेस, खीर-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरतेस आणि मागे आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारतेस, "अतीत कोण?" मी मागून माझं नाव सांगते, वाण घेते. तू पुन्हा विचारतेस, दादा त्याचं सांगतो. मग तू तिसरं वाण मागे धरतेस. लेकरं दोन आणि तू तिसऱ्यांदा विचारतेस, "अतीत कोण?" मागे कोणी बोलत नाही. तू हात तसाच धरून ठेवतेस, मग ते वाण निमूट तुळशीपाशी नेऊन ठेवतेस. मला वाटे, तुझी मोजणी चुकते. एका वर्षी मी तिसऱ्यांदाही "मी" म्हटलं. तुझी पाठ हलली नाही. तू वाण सोडलंस, आणि त्यानंतर पुष्कळ वेळ मागे वळून पाहिलं नाहीस.

गादी चांगली झाली आहे. ठसा राहत नाही. मुलगी तिच्यावर उताणी झोपली आहे, आणि मी उगाच पुन्हा पुन्हा तिच्या बाजूला पंजा टेकून बघते. वहिनींना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. यांना सांगेन. हे पत्र हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, ते तिथेच राहील.

एक कबूल करते. तिसऱ्यांदा "मी" म्हटलं ते तुझी चूक सुधारायला नव्हे. मला आणखी एक पुरी हवी होती.

पिठोरीला बारा दिवस आहेत. माझी अजून बोलत नाही, तेव्हा मीच विचारीन आणि तिचं नाव मीच सांगेन. मग दुसरं वाण मागे धरीन. त्या वेळी कोणाचं नाव घेऊ? तुझ्या त्या पहिल्याचं बारसं झालं होतं का, आणि काय ठेवलं होतंस, तेवढं उलट टपाली कळव.