जिथं हात पोचत नाही

४ मार्च
कोंबड्यांना दाणे टाकले, कॉफी ठेवली, मक्याचा ब्रेड ओव्हनमध्ये सरकवला — कुठली सकाळ ते आठवत नाही, अशा कितीतरी होत्या. ऑर्व्हिल मागच्या पायरीवर नेमबाजीच्या पिस्तुलाला तेल लावत होता. मी म्हटलं, आण इकडे, मुठीवर दोन फुलं काढून देते. "फुलं? क्लबातले मला झगा शिवून देतील!" आणि स्वतःच हसत सुटला.

आज लोरीननं तेच पिस्तूल माझ्या रंगांच्या टेबलावर ठेवलं. "ममा, येत्या शनिवारी सामन्याला डॅडींच्या जागी मी उतरतेय. मुठीवर ब्लूबॉनेटची निळी फुलं काढून दे."

लेकीला नाही कसं म्हणू?

६ मार्च
रंग धरायचा तर आधी लाकूड घासायला हवं. ऑर्व्हिल डावरा. त्याच्या तळव्याखाली अक्रोडाचं लाकूड काळं, गुळगुळीत झालंय, किंचित खोलगटही. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या हाताचा आकार आता एवढ्याच जागी उरलाय.

पॉलिश पेपर घेतला. ठेवून दिला.

७ मार्च
आजही नाही जमलं.

८ मार्च
सांगून टाकलं लोरीनला — नवी मूठ आण, तिच्यावर हवं ते काढते, ही मी घासणार नाही. वाटलं, रुसेल.

"घास कोण म्हणतंय? ममा, मूठ रंगवण्याआधी तू गिऱ्हाइकांकडून काय मागवतेस?"

पंज्याचं चित्र! कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. तळव्याखालचं फूल झिजून जातं, म्हणून हात पोचत नाही तिथंच मी रंगवते. इतकी वर्षं हेच तर करतेय!

"डॅडींनी थेट लाकडावरच काढून ठेवलाय," म्हणाली, आणि मूठ धरली. तीही डावरी. तळवा त्या खोलगटात अलगद बसला.

जाताना दारातून — "आणि तुझ्या पंज्याचा कागद कुठाय गं? क्लबात बायका चारच आहेत. त्यातल्या दोघींना निशाण दिसतच नाही!" मी म्हटलं, मी आपली रंगवणारी, नेम धरणारी नव्हे.

९ मार्च
त्याचा हात सोडून कडेकडेनं घासलं. लायब्ररीच्या पुस्तकात वाचलं, ब्लूबॉनेटचा पांढरा ठिपका फूल जुनं झालं की लाल होतो. सगळ्यांना पांढरे ठिपके दिले. एकाला लाल.

१२ मार्च
काल लोरीन शेवटून दुसरी आली, आणि मूठ सगळ्यांना दाखवत हिंडली. झगा कुणी शिवला नाही.

आज कोंबड्यांना दाणे टाकले, हात धुतले, कोऱ्या कागदावर माझा पंजा ठेवला आणि भोवती पेन्सिल फिरवली.