हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे

आंजी (मोठी)
मंगळवार

प्रिय रोशनी,

चार दिवसांपासून तू माझा फोन उचलून नाई राह्यली, म्हणून हे कागदावर लिहिते. माझा अंकित उद्या वांगे घेऊन सिंदीच्या बाजारात येणार आहे, त्याच्याच हाती देते. तुझ्या लग्नाले बारा दिवस राह्यले आणि तुझी सख्खी आत्या मांडवात उभी राहणार का नाई, हे मलेही माहीत नाई. राग आला असन, येऊ दे. पण पुरतं वाचजो.

आधी तुझ्या बापाची करणी ऐक. कैलास माझा पाठचा भाऊ. सिंदीहून आंजी अशी किती लांब आहे गं? आपल्यात पहिली पत्रिका देवाले, दुसरी बहिणीले. दारात यायचं, कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या, चहा पिऊन जायचं. यानं काय केलं? मी गोठ्यात होती, तर फोन वाजायचा थांबायलेच तयार नाई. पाहते तर 'रोशनीचं लग्न' नावाचा ग्रुप. एकशे त्रेसष्ट माणसं. मंडपवाला, बँडवाला, आणि त्यांच्यातच मी! खाली पत्रिकेचा फोटो अन् 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे'. आग्रह म्हणे! बँडवाल्याले जेवढा, तेवढाच बहिणीले.

मी लिहिलं, कैलास, घरी कधी येतो? त्यानं नुसता पिवळा अंगठा पाठवला. लहानपणी मोठ्या बहिणीले असा अंगठा दाखवला असता तर आईनं पाठ सडकली असती. मी ग्रुपमधून निघाली, तर तुझ्या भावानं, प्रफुल्लनं, पाच मिनिटांत परत आत घातली. पुन्हा निघाली, पुन्हा घातली. कोंबडी टोपल्याखाली डालावी तशी! मग जो तो हसणारी तोंडं पाठवून राह्यला. फोन मात्र एकानंही केला नाई. समोर असती ना मी, तर एकाचीही हिंमत नसती झाली.

तिथं माझं डोकं फिरलं. मी काय लिहिलं ते तुले पाठ असन. तरी पुन्हा लिहिते, माझी मान खाली जाऊ दे. 'ज्या घरात बहिणीले विचारत नाई, त्या घरच्या पोरीले तरी काय वळण असणार? सोयरीक करणाऱ्यांनी विचार करा.' राग कैलासवर, अन् दगड मारला तुले. तुझी होणारी सासू, नीलेशची आई, त्याच ग्रुपमध्ये आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाई. ती आता साड्यांच्या खरेदीले यायचं टाळून राह्यली, असं अंकित म्हणाला.

देवाशप्पथ सांगते, अर्ध्या घंट्यात मी ते खोडलं होतं. चहा ठेवला, डोकं थंड झालं, लाज वाटली, बोट दाबून धरलं अन् खोडलं. माझ्या फोनात ते कुठंच नव्हतं. मले वाटलं, मिटलं. उलट तीन दिवस मीच चिडून बसली, की खोडलं तरी ही पोरगी काऊन फुगली? काल आमच्या मयुरीनं तिचा फोन दाखवला. ते तिथं जसंच्या तसं होतं. म्हणे आजी, तू फक्त तुझ्यापुरतं खोडलं, बाकी सगळ्यांच्या फोनात आहेच, आता ते निघतही नाई. आग लागो त्या फोनले! एकशे बासष्ट घरांत माझं तोंड अजून सुरूच आहे.

अन् वळणाचं काय बोलली मी? दोन वर्षं माझ्या घरी राहून तू वर्ध्याले कॉलेजात जायची. कोणाच्या घरी गेलं की आधी दारातून आवाज द्यायचा, चारचौघांत कोणाची उणीदुणी काढायची नाई, हे तुले मीच शिकवलं. तू ते आजवर पाळलं. साठीची मी विसरली.

कैलासवर माझा राग आहेच, तो मी त्याच्या तोंडावर काढीन. पण हे पत्र त्याच्यासाठी नाई. मले समुद्रपूरले नीलेशच्या आईकडे जायचं आहे. तिच्यासमोर बसून सांगायचं आहे, की बाई, पोरीले वळण मी लावलं, ते चांगलंच आहे, जीभ माझी घसरली. पण तुले विचारल्याशिवाय त्या दारात पाय ठेवणार नाई. एकदा न विचारता बोलली, तेवढं पुरे झालं. अंकित अकरापर्यंत बाजारात असतो. जा म्हण नाईतर नको म्हण, त्याच्याजवळ तोंडी सांगजो, ग्रुपवर टाकू नको. नको म्हणशील तर मी मांडवातही येणार नाई, रागही धरणार नाई. वायगावची हळद आणून घरी दळली आहे, अंकितच्या पिशवीत वांग्यांच्या खाली आहे. मी आली नाई तरी ती लावजो.

तुझीच,
कुसुमआत्या