खिडकीतली मिरचीची रोपं

आई,

खिडकीतल्या दह्याच्या डब्यांत गोड मिरचीची रोपं वर आली आहेत. पाणी कोमट घाला आणि डबे रोज फिरवा, नाहीतर रोपं उजेडाकडे वाकतील. ब्लागोयच्या भरवशावर सोडू नका, तुमचा लेक त्यांना पाण्यात बुडवून मारेल. मी स्ट्रुमित्साच्या बसने माहेरी चालले आहे. परत येणार नाही.

लग्न झाल्यापासून तुम्ही शेजारणींना सांगत आलात, "आमचं बी चांगलं आहे गं, जमीनच नापीक पदरात पडली." डॉक्टर काय म्हणाले ते एकदा ब्लागोयला विचारा. मला ते कुणालाही सांगायची त्याने बंदी केली होती.

आता तुमच्या दुसऱ्या बियाचं सांगते. गेल्या उन्हाळ्यात बियाण्यासाठी राखलेल्या तुमच्या मिरच्यांमध्ये मी माहेरची जहाल मिरची लावली होती. मधमाश्यांनी दोन्हींचे पराग एक केले. फळं तेव्हा गोडच लागली, म्हणून तुम्ही खुशीत बी धरलंत आणि जुनं फेकून दिलंत. तिखटपणा यंदाच्या फळांत उतरेल. कुठल्या रोपाच्या फळांत, ते नुसतं बघून कळायचं नाही. हवं तर बाजारातून रोपं आणा, तुमचं बी बिघडलं हे सगळं गाव बघेलच.

सप्टेंबरात आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला साऱ्या बायका तुमच्याच अंगणात जमतील. पहिला घास घेऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, की नेहमीसारखंच सांगा: बी चांगलं होतं, जमीनच वाईट निघाली.

मेन्का