पावतीवर नाव कुणाचं?

खडकी, ता. ४ मार्च १९६४

ती. आईस धोंडिरामचा जय भीम.

आई, हे पत्र धाकट्या आक्काताईने गल्लीतल्या साऱ्या आयाबायांपुढे मोठ्याने वाचावं. घरं आपण बांधायची आणि किंमत दुसऱ्यांनी ठरवायची, हे किती दिवस चालणार?

माझा खोकला गेला. जेवण वेळेवर आहे. पण तू लिहवलेलं एक घशाखाली उतरत नाही : 'शेजारचा हिंदुराव लय भला हाय. चार सालं आपली घरपट्टी त्योच भरतोय. आता म्हणतोय, भामाबाई, पडकं घर हाय, पाचशेला देऊन टाक.'

भिंती पडक्या आहेत, खरं. पण परवा आपल्या गावचा बाळगोंडा इथे भेटला. तो म्हणाला, "तुमच्या परड्यातनं डांबरी रस्ता जायचा हाय गड्या!" हिंदुरावाला भिंती नकोत, घरामागच्या परसातली रस्त्याकडेची जागा हवी आहे. आणि चार वर्षांच्या पावत्या त्याने कुणाच्या नावाने घेतल्या? उद्या त्याच दाखवून घर माझं म्हणाला तर?

सभांत मी लोकांना हक्क शिकवतो आणि स्वतःच्या घराची पट्टी शेजाऱ्यावर सोडतो. चूक माझी आहे, तुझी नाही.

गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

मनिऑर्डर केली आहे. सोमवारी आक्काला घेऊन नगरपालिकेत जा, यंदाची पट्टी स्वतः भर, आणि पावतीवर तुझं नाव आक्काने वाचून दाखवल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस.

तुझा,
धोंडिराम