बाबांच्या कानाची नेटलिस्ट

४ जानेवारी
ठरलं. बाबांच्या कानाचं मशीन मीच बनवणार. ताई म्हणाली, दुकानातून आणते. ठणकावून सांगितलं, घरात इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस असताना दुकान कशाला? आजारपणानंतर आई इतकं हळू बोलते की बाबांना तिचे नुसते ओठ हललेले दिसतात. दहा दिवस. फार तर बारा.

६ जानेवारी
पद्धतशीर सुरुवात. आधी कॉम्प्युटरवर सर्किट काढायचं. सॉफ्टवेअर फुकटातलं, पण जगभरच्या हुशार लोकांनी लिहिलेलं. चित्रावरून ते नेटलिस्ट काढतं, म्हणजे कुठला पार्ट कुठे जोडलाय त्याची यादी. ती सिम्युलेटरला दिली की सोल्डरिंगच्या आधीच कळतं आवाज किती वाढणार. आईला सगळं समजावलं. छान, म्हणाली.

१३ जानेवारी
सर्किट देखणं झालंय. रेषा सरळ करण्यात चार दिवस गेले. नीटनेटकेपणा हवाच. नेटलिस्ट निघत नाही.

२१ जानेवारी
निघाली! सिम्युलेटर चालत नाही. फोरमवर विचारलं. कुणीतरी लिहिलं, ग्राउंडचं चिन्ह टाकलंत का? पहिल्या धड्यातली गोष्ट, आणि हे मला! पंधरा वर्षं याच धंद्यात आहे. उत्तर दिलं नाही.
संध्याकाळी ७. टाकलं नव्हतं.

२ फेब्रुवारी
ताईचा फोन. दहा दिवसांचा महिना झाला, म्हणाली. मी म्हटलं, विकतच्या मशीनमध्ये आवाज चिरका येतो. असं मी कुठेही वाचलेलं नाही. आई म्हणाली, तुझ्या बाबांना एक सांगायचं होतं, सांगशील का? म्हटलं, आठवडाभर थांब, तूच सांग. हसली.

११ फेब्रुवारी
दोष सापडला. ट्रान्झिस्टरच्या पायांचे नंबर चित्रात एक, मॉडेलमध्ये दुसरेच. नेटलिस्टमध्ये तो उलटा जोडला जातो, आवाज वाढायच्या ऐवजी घटतो. यात माझी चूक नाही. आई दोन दिवस जेवली नाही. डॉक्टर येऊन गेले, ताईला बोलावून घ्या म्हणाले. रविवारपर्यंत काम संपवतोच.

१५ फेब्रुवारी
बाबा दोनदा दाराशी आले. ती बोलतेय, मला काही कळत नाहीये, तू जरा ये, म्हणाले. मी हाताने खूण केली, पाच मिनिटं. नेटलिस्टमध्ये दोन आकडे हाताने बदलत होतो. मी गेलो तेव्हा बाबा तिचा हात धरून मान हलवत होते. तिचं बोलून झालं होतं. डोळे मिटलेले.

१६ फेब्रुवारी
आई गेली.

२८ फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, त्या दिवशी ती एवढं काय सांगत होती रे? बाबांसाठी आता पाटी आणून ठेवलीय, तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, काळजी घ्या म्हणाली. त्यांनी वाचलं. म्हणाले, एवढ्याला पाव तास लागतो होय?
मी पाटी पुसली.

५ मार्च
सिम्युलेशन चाललं. एकही एरर नाही. आवाज चाळीस पट. आलेख अगदी हवा तसा. बघत बसलो. कुणाला हाक मारावी सुचेना.
दुपारी ताई आली. दुकानातून मशीन घेऊनच. दहा मिनिटांत बाबांच्या कानाला बसवलं, विचारलं, येतंय का ऐकू?
बाबा बराच वेळ आईच्या पलंगाकडे बघत होते. मग म्हणाले, हो. पंख्याचा आवाज येतोय.